घरगुती लिपिड मीटर : दहा महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आजीला मधुमेह होता, आईला आहे, मोठ्या मामांनाही आहे. त्यामुळे माझी साखर सीमारेषेवर येताच, रक्तातील चरबीवरही लक्ष ठेवावे आणि दर खेपेला वर्ध्याला जाण्याचे भाडे आणि बुडणारा दिवस वाचावा या हिशेबाने मी गेल्या जुलैत रक्तातील चरबी मोजणारे हे मीटर घेतले. पहिल्याच तपासणीत एकूण कोलेस्टेरॉल 178 आले आणि मी निश्चिंत झालो. ट्रायग्लिसराइड (रक्तातील एक चरबी) 268 म्हणजे चढे आणि एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) 34 म्हणजे कमी, हे आकडे वाचले, पण मनावर घेतले नाहीत.

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी, आदल्या दिवशीच्या पुरणपोळ्या पुरत्या जिरलेल्या नसताना, ट्रायग्लिसराइड 431 दाखवून यंत्राने एलडीएलच्या (‘वाईट’ कोलेस्टेरॉलच्या) जागी नुसत्या रेघा उमटवल्या. यंत्र बिघडले असे धरून मी सेवा केंद्राशी तीन आठवडे भांडलो. ‘स्वखर्चाने नागपूरला पाठवा’ यापलीकडे उत्तर मिळाले नाही, म्हणून येथे एकच तारा देण्याचे मी ठरवले होते.

तो निर्णय तालुक्याच्या डॉक्टरांनी बदलायला लावला. हे यंत्र एलडीएल मोजत नाही, तर एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा करून काढते. फ्रीडेवाल्ड यांचे 1972 सालचे हे सूत्र ट्रायग्लिसराइड 400 च्या वर गेल्यास भरवशाचे राहत नाही. चुकीचा आकडा देण्यापेक्षा रेघा बऱ्या, हे मला मान्य करावे लागले.

त्यांनी कागदावर आजोळची वंशावळ काढून समजावले की, अशा घराण्यांत इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती अनेक जनुकांच्या एकत्रित परिणामातून उतरते. मग चरबीच्या साठ्यातून स्निग्धाम्ले यकृताकडे जास्त जातात, यकृत ट्रायग्लिसराइड अधिक प्रमाणात रक्तात सोडते, एचडीएल घसरते, आणि एलडीएलचा आकडा बरा दिसला तरी त्याचे कण लहान व दाट होतात. एलडीएल रिसेप्टरच्या, म्हणजे रक्तातले एलडीएल उचलून घेणाऱ्या प्रथिनाच्या, जनुकातील दोषामुळे जन्मापासून एलडीएल चढे राहणारा आनुवंशिक आजार निराळा. साखर आजोळची आणि चरबी माझ्या ताटातली, अशी माझी वाटणी होती. ती कच्ची निघाली. ताटाचा दोष आहेच, पण जमीन वारशाची आहे.

आता खरी तक्रार. तपासणीसाठी रक्ताचा थेंब ज्यांवर घ्यायचा त्या पट्ट्यांच्या डबीवर ‘30 अंशांखाली ठेवा’ असे छापले आहे. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 ला टेकतो आणि दुपारी वीज नसते. फ्रिजमध्ये ठेवलेली डबी भारनियमनात तापते, माठाजवळ ठेवावी तर ओल लागते. यंदा अकरा पट्ट्या एकही आकडा न देता वाया गेल्या. तेवढ्या पैशांत सोयाबीनच्या बियाण्याची एक थैली आली असती. बदलून मागितल्या तर ‘साठवणुकीची चूक’ असे उत्तर आले. विदर्भात माल विकताना उन्हाळा कंपनीला ठाऊक नसतो काय?

यंत्राला तीन तारे, पट्ट्यांना एकही नाही. पुढची डबी पाऊस लागल्यावरच मागवीन. तोवर उपाशीपोटी पहाटेची एसटी धरून वर्ध्याला जाईन. धाकट्या भावालाही सोबत नेणार आहे, कारण आजोळ त्याचेही तेच आहे.