कैफियतीत दुरुस्ती की अतिरिक्त कैफियत?

कैफियत, म्हणजे वादीच्या दाव्याला प्रतिवादीने दिलेले लेखी उत्तर, दाखल होऊन काही महिने गेले आणि पक्षकार एखादा नवा कागद घेऊन आला, की प्रतिवादीच्या वकिलापुढे दोन मार्ग उरतात. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 6 नियम 17 प्रमाणे दुरुस्तीचा अर्ज द्यायचा, किंवा आदेश 8 नियम 9 प्रमाणे परवानगी मागून अतिरिक्त कैफियत दाखल करायची. मी दोन्ही करून पाहिले आहे.

अतिरिक्त कैफियतीकडे ओढा का असतो, हे मला समजते. नियम 17 ला 2002 मध्ये परंतुक, म्हणजे एक अट, जोडले गेले. ट्रायल सुरू झाल्यानंतर दुरुस्ती हवी असेल, तर योग्य ती तत्परता दाखवूनही ती बाब आधी मांडता आली नसती, हे आता न्यायालयाला पटवावे लागते. नियम 9 मध्ये असे शब्द नाहीत, त्यामुळे तो सोपा वाटतो. मलाही वाटला होता.

दावा बांधाचा होता. वादपत्रातील, म्हणजे वादीने दाव्यात मांडलेल्या लेखी मजकुरातील, कलम 3 व 5 मान्य करायचे होते, पण माझ्या कैफियतीत ‘कलम 3 ते 5 मधील मजकूर खरा असून मान्य आहे’ असे टाइप झाले आणि तपासताना माझ्याही नजरेतून सुटले. पूर्वेची हद्द नेमकी कलम 4 मध्ये होती. मोजणीचा नकाशा हाती आल्यावर चूक लक्षात आली. पुरावा सुरू झाला नव्हता, म्हणजे दुरुस्तीला वाव होता. तरीही तारखा वाचतील म्हणून मी अतिरिक्त कैफियत दिली, तिला परवानगी मिळाली आणि तिच्यात पूर्वेची हद्द स्पष्टपणे नाकारली.

मूळ कैफियतीतील ‘ते’ मात्र जागच्या जागी राहिला. उलटतपासात वादीच्या वकिलांनी मूळ कैफियत माझ्या पक्षकाराच्या हातात दिली आणि सही कोणाची, मजकूर वाचून सही केली का, असे विचारले. दोन्हींना होकार आला. मग त्यांनी अतिरिक्त कैफियत पुढे केली आणि दोन्हींपैकी खरी कोणती, असा प्रश्न टाकला. साठीतला तो शेतकरी माझ्याकडे पाहत राहिला, आणि त्या क्षणी मला काहीही बोलता येत नव्हते. त्याने दिलेले चाचरते उत्तर पुढे निकालपत्रातही उद्धृत झाले. अतिरिक्त कैफियत जुन्या मजकुराला धक्का लावत नाही. ती त्याच्या शेजारी जाऊन बसते. माझ्या मनाचा कौल या एका गोष्टीने ठरला.

नंतरच्या एका दाव्यात अशीच चूक निघाली तेव्हा मी नियम 17 चा अर्ज दिला. वादीचे म्हणणे येण्यात आणि युक्तिवादात तीन तारखा गेल्या, खर्चही बसला. पण दुरुस्ती मूळ कागदावरच झाली आणि साक्षीच्या वेळी साक्षीदारापुढे एकच कैफियत होती. कैफियतीच्या दुरुस्तीकडे वादपत्राच्या दुरुस्तीपेक्षा उदारपणे पाहावे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2006 व 2007 मधील निकालांत म्हटले आहे. अर्थात कबुली पार पुसून वादीचा हक्कच बुडवणारी दुरुस्ती मागितली, तर हे औदार्य पुरेलच असे नाही. कबुलीचे स्पष्टीकरण देणे किंवा तिला जोड देणे तुलनेने सोपे जाते.

ट्रायल नेमकी केव्हा सुरू झाली म्हणायची, यावर काही निकाल मुद्दे निघाल्याच्या (न्यायालयाने वादाचे प्रश्न निश्चित केल्याच्या) तारखेकडे, तर काही सरतपासणीच्या, म्हणजे साक्षीदाराच्या स्वतःच्या बाजूच्या जबानीच्या, शपथपत्राकडे बोट दाखवतात. म्हणून जमल्यास मुद्दे निघण्यापूर्वीच अर्ज द्यावा, असे माझे मत आहे.

वादीने वादपत्रात दुरुस्ती केली आणि तिला उत्तर द्यायचे असेल, तर अतिरिक्त कैफियतच योग्य. कैफियतीनंतर घडलेल्या घटनेसाठीही, उदाहरणार्थ नंतर मंजूर झालेल्या फेरफारासाठी, मी कदाचित तीच निवडीन, कारण तिथे जुने विधान खोडायचे नसते. जुने वाक्यच चुकले असेल, तर मात्र मी नियम 17 सोडणार नाही.

अर्जात कोणत्या कलमातील कोणते शब्द वगळायचे आणि तिथे कोणते घालायचे, हे अक्षरशः लिहावे. आदेशात मुदत दिलेली नसेल, तर नियम 18 प्रमाणे 14 दिवसांत दुरुस्ती प्रत्यक्ष करावी लागते, आणि ती राहून गेली तर मिळालेली परवानगी वाया जाऊ शकते. मी आता आदेश झाल्यावर पुढच्या तारखेची वाट पाहत नाही. त्याच आठवड्यात मूळ कैफियतीवर दुरुस्ती करून सही करतो.