जेलमधल्या भेटीला एक रुपयाही लागत नाही, माझे १९,८५० गेले

घरातला माणूस न्यायालयीन कोठडीत गेला की कुणाला काही विचारायची सोय राहत नाही, कारण विचारायचं म्हणजे आधी सांगावं लागतं. जेलमधली भेट ठरवून देतो म्हणून पैसे उकळणारी माणसं नेमक्या याच लाजेवर जगतात. म्हणून मी रकमांसकट लिहितेय. ३५०, २,५००, ५,००० आणि १२,०००. एकूण १९,८५० रुपये.

भावावर कसली केस आहे ते इथे लिहिणार नाही. या फसवणुकीशी त्याचा काही संबंध नाही.

मुलाखतीची, म्हणजे कैद्याच्या भेटीची, नोंदणी हल्ली ऑनलाइन होते एवढं कानावर आलं होतं. नेटवर शोधलं तर 'मुलाखत मदत कक्ष' म्हणून एक मोबाइल नंबर वरच दिसला. व्हॉट्सॲपच्या फोटोत अशोकस्तंभ. बोलणं एकदम अदबीचं. "ताई, आधी शांत व्हा. भाऊ आमच्याकडे सुरक्षित आहे." त्या दिवसांत आमच्याशी नीट बोललेला तो पहिला माणूस होता, वकील धरून. त्यानं आधार कार्ड घेतलं, नातं विचारलं, ३५० रुपये नोंदणी फी घेतली, ओटीपी घेतला. थोड्या वेळानं नोंदणी क्रमांकाचा सरकारी मेसेज आला, आणि तो खरा होता! ई-प्रिझन्सच्या सरकारी साइटवर जी ई-मुलाखत कुणीही फुकट नोंदवू शकतो, तीच त्यानं माझ्या नावानं नोंदवली आणि मला विकली. "शिकलेली असून फसलीस कशी" म्हणणाऱ्या नातेवाइकांनी मला सांगावं, खरा मेसेज हातात असताना संशय घ्यायचा कशावर?

एक गोष्ट मात्र अजून डोक्यातून जात नाही. पहिल्याच फोनवर त्यानं विचारलं होतं, "भाऊ आत कधीपासून आहे? केस कुठल्या कोर्टात?" भाऊ आमच्याकडे आहे म्हणणारा माणूस, समोर म्हणे रजिस्टर उघडं, आणि भाऊ आत कधी आला हे तो मला विचारतोय! मी सांगत गेले. शेजारी आई पदर तोंडाला लावून बसलेली, तिकडे बघू की त्याचे प्रश्न तपासू? दुसऱ्या दिवशी त्यानं तीच माहिती रजिस्टरमधून वाचल्यासारखी मला ऐकवली. वर केसची पुढची तारीखही बरोबर सांगितली. ती मी सांगितली नव्हती, त्यामुळे माझी खात्रीच पटली. ई-कोर्ट्सच्या साइटवर पक्षकाराच्या नावानं केस शोधली की पुढची तारीख कुणालाही दिसते, हे मला नंतर कळलं. अटक झालेल्यांची नावंही पोलिसांच्या साइटवर असतात. तेव्हा समोरच्याला आपल्या केसची माहिती आहे म्हणून तो जेलचा ठरत नाही. हे पाठ करून ठेवा.

मग 'ओळख पडताळणीची अनामत' २,५००, भेट झाली की परत. पैसे भरताना नाव एका मोबाइल दुकानाचं आलं. तेही मी विचारलं. "कल्याण निधीचं काम बाहेर दिलंय ताई," म्हणाला आणि लगेच गोल शिक्क्याची, 'अधीक्षक' असं लिहिलेली पावती पाठवली. लाच द्यायला मी गेले नव्हते. पावती मिळतेय म्हणजे ही सरकारी फीच, असं मी धरून चालले आणि तसंच कुणीही धरून चाललं असतं.

५,००० आईसाठी गेले. तिचे गुडघे गेलेत, रांगेत उभं राहवत नाही. 'खास मुलाखत', काच मध्ये नाही, बसायला खुर्ची, घरचे लाडू हातानं देता येतील, असं सांगितलं. घरचा डबा कोर्टाच्या परवानगीशिवाय आत जात नाही, हे वकिलाला विचारलं असतं तर कळलं असतं. पण वकील फोन उचलेल तेव्हा ना.

आणि १२,००० भेटीच्या आदल्या रात्री. भावाला कावीळ झालीय, जेलच्या दवाखान्यात औषध नाही, बाहेरून मागवायचंय, उशीर केलात तर जबाबदारी तुमची. हे पैसे मी बचत गटातून उचलले. व्याज अजून भरतेय.

सकाळी गेटवर खिडकीतल्या शिपायानं पावती उलटीपालटी करून बघितली. "हे आमचं नाही. खास-बिस काही नसतं. भेट फुकट असते." लाडूंचा डबा परत, नाडीचा पायजमा परत. आई बाकी सगळ्यांसारखीच रांगेत उभी राहिली. काचेपलीकडे भाऊ धडधाकट! "मला कुठे काय झालंय?"

जेलमधल्या साहेबांना सांगावं म्हटलं तर "बाहेर बोर्ड लावलाय" एवढंच उत्तर. बोर्ड होता, उन्हानं अक्षरं पार उडालेला. तिथल्या पोलीस ठाण्यात म्हणाले, पैसे तुमच्या गावातून गेले, तिकडे जा. आमच्या ठाण्यात म्हणाले, जेल तिकडे आहे, तिकडे जा. मग म्हणाले, सायबरला जा. तिथे रक्कम ऐकूनच मान हलली, लाखांच्या तक्रारी पडून आहेत म्हणे. पुढे विचारलं, "भाऊ कशात आत आहे?" मी सांगितलं आणि त्या माणसाचा सूरच बदलला. तक्रारदार मी, पैसे माझे, आणि उलटतपासणी भावाच्या केसची. आईसमोर. घरचा माणूस जेलमध्ये आहे म्हणून आम्हाला कुणीही लुटावं आणि आम्ही गप्प बसावं, असा कुठला कायदा आहे? हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तसं लिहिलंय. गुन्हा कुठेही घडलेला असो, खबर घ्यावीच लागते. हे तिथे ठणकावून सांगा. मला तेव्हा माहीत नव्हतं.

पैसे गेल्याचं कळताक्षणी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करा, पैसे पुढे सरकायच्या आत. भेटीचा दिवस उजाडेपर्यंत मला काही कळलंच नाही, तोवर ते खातं रिकामं झालं होतं.

कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्ये तो हक्क आहे, उत्पन्न कितीही असो. १५१०० या विधी सेवेच्या हेल्पलाइनला फोन करा, नाहीतर कोर्टातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. भेटीला काय न्यायचं, काय नाही, हेही तिथे विचारता येतं. आम्हाला हे ना पोलिसांनी सांगितलं, ना वकिलानं.

आजारपणाचा फोन आला तर औषधाला पैसे पाठवू नका. फोन ठेवा आणि थेट जेलच्या खिडकीवर किंवा आपल्या वकिलाकडे चौकशी करा. रडून सांगत असला तरी.

वर सांगितलेल्या कलम १७३ प्रमाणेच मी पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टानं लेखी तक्रार पाठवली आहे, सोबत त्या चारही व्यवहारांचे क्रमांक आणि खोट्या पावत्या. तिथेही दाद लागली नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करणार आहे. 'मुलाखत मदत कक्ष' म्हणून तुम्हालाही कुणी पैसे मागितले असतील तर चॅट पुसू नका, आणि भाऊ, नवरा, मुलगा आत आहे म्हणून तक्रार द्यायची राहू देऊ नका.