स्मरणिकेची पाने कशात लावावीत? पेजमेकर, इनडिझाइन आणि स्क्रायबस

श्रावण तोंडावर आला की इंदूरच्या एखाद्या ना एखाद्या मराठी मंडळातून फोन येतो. यंदाची स्मरणिका आपणच संगणकावर लावायची असे ठरलेले असते. लेख व्हॉट्सअॅपवर येऊन पडलेले असतात, आणि प्रश्न एकच असतो की कशात लावू. पाने लावण्याचे प्रोग्राम तीन: जुना पेजमेकर, भाड्याने मिळणारा इनडिझाइन आणि फुकट मिळणारा स्क्रायबस. रामबागेतल्या आमच्या छोट्या मंडळासाठी मी या तिन्ही वाटा चाललो आहे, म्हणून जे अनुभवले ते सांगतो. पान कसे आखायचे, चित्र कसे बसवायचे हे तुम्हाला येते असे गृहीत धरतो. माझी चिंता फक्त मजकुराची आहे, कारण मराठी स्मरणिका बिघडते ती तिथेच.

पेजमेकर आधी, कारण खजुरी बाजाराच्या आसपास कुठल्याही जुन्या छापखान्यात गेलात तर अजून तोच पुढे केला जाण्याची शक्यता आहे. हा प्रोग्राम १९८५ चा. शेवटची, सातवी आवृत्ती २००१ मध्ये आली, आणि तिलाही युनिकोड, म्हणजे आज मोबाईलपासून सगळीकडे चालणारी अक्षरांची सर्वमान्य संकेतपद्धत, कळत नाही. त्यामुळे तिथली देवनागरी म्हणजे कृतिदेव किंवा तत्सम फॉन्टची करामत. इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात. कृतिदेवमध्ये आपण ‘भारत’ वाचतो तेव्हा संगणकाच्या लेखी ती एच, के, के, जे, आर अशी पाच अक्षरे असतात. ज्याचा हात या कीबोर्डावर बसला आहे तो माणूस विलक्षण वेगाने टंकतो, याबद्दल मला आदरच आहे. पण आज आपले लेखक मोबाईलवर युनिकोडमध्ये लिहितात. तो मजकूर परिवर्तकातून काढून पेजमेकरमध्ये न्यायचा, तिथे दुरुस्त करायचा, आणि लेखकाला पुन्हा दाखवायचा तर कागदच हातात द्यायचा, कारण दुरुस्त मजकूर युनिकोडमध्ये परत आणताना रफार आणि ऱ्हस्व इकार जागा सोडतात. मुख्य म्हणजे आपली मराठीची खास ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ ही अक्षरे या ये-जा करण्यात सर्वांत आधी पडतात. आमच्या एका अंकात महाप्रसादाच्या ‘आचाऱ्यांचे आभार’ हे ‘आचार्यांचे आभार’ होऊन छापले गेले. ज्यांनी दोन दिवस चुलीपुढे उभे राहून पंगती वाढल्या, त्यांच्या वाट्याला आलेली एकमेव ओळ चुकली. पेजमेकरबद्दल माझ्या मनात यापुढे वाद उरला नाही.

खरी निवड उरते ती इनडिझाइन आणि स्क्रायबस यांत.

इनडिझाइन चांगला आहे, फार चांगला आहे, हे मोकळेपणाने सांगतो. २०१२ च्या सीएस-६ मध्ये मराठीसह दहा भारतीय भाषांची सोय त्यात आली. योगायोग असा की विकत घेऊन कायमची ठेवता येईल अशी ती शेवटचीच आवृत्ती ठरली, त्यानंतर सगळे भाड्याने. त्याच्या ‘वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’चे काम मला मनापासून आवडते. तो एकेक ओळ सुटी न बघता सगळा परिच्छेद एकत्र बघून ओळी कुठे तोडायच्या ते ठरवतो. ए-४ च्या दोन स्तंभांत ‘महाराष्ट्रीयांच्यासाठी’ सारखा लांब शब्द ओळीच्या टोकाला आला की त्याची किंमत कळते. शब्दांमधल्या भगदाडांच्या नद्या पानावरून वाहत नाहीत. फक्त जस्टिफिकेशनमध्ये, म्हणजे ओळींच्या दोन्ही कडा सरळ करण्याच्या खिडकीत, अक्षरांमधली जागा तिन्ही रकान्यांत शून्यच ठेवा. तिथे दोन-तीन टक्के जरी दिले तरी शिरोरेषा जागोजागी तुटते आणि पान दात पडल्यासारखे दिसते. सूट द्यायचीच तर अक्षराच्या रुंदीत द्या. मी ९८ ते १०२ टक्के ठेवतो, डोळ्याला कळतही नाही.

आणखी एक गोष्ट इंदुरात विशेष कामाची आहे. आपल्या स्मरणिकेत लेख मराठी आणि निम्म्या जाहिराती हिंदी असतात. मराठीला पाकळीचा ल आणि देठाचा श हवा, हिंदीला दंडाचा ल आणि गाठीचा श. ज्या फॉन्टात दोन्ही रूपे असतात तिथे इनडिझाइनमध्ये मजकुराची भाषा मराठी किंवा हिंदी अशी निवडली की एकाच फॉन्टात दोन्ही वळणे मिळतात. स्क्रायबसमध्ये मी या भानगडीत पडत नाही. मराठी मजकुराला मराठी वळणाचा फॉन्ट घेतो आणि जाहिरातींना वेगळा.

इतके गुण असताना मी तिथून का निघालो, ते सांगतो.

इनडिझाइनमध्ये जोडाक्षर नीट जुळणे हा परिच्छेदाचा एक गुण आहे, जसा समास किंवा ओळींमधले अंतर. ज्या परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोझर लावला आहे तिथे ‘श्रद्धांजली’ नीट उमटते. ज्याला साधा कंपोझर आहे तिथे तीच अक्षरे सुटी पडतात. पाय मोडलेली अक्षरे ओळीत उभी राहतात आणि ऱ्हस्व इकार व्यंजनाच्या मागे जाऊन बसतो. उपाय सोपा आहे. परिच्छेद पॅनेलच्या मेनूत कंपोझर बदला, किंवा स्क्रिप्टच्या (छोट्या तयार आज्ञांच्या) यादीतली ‘इंडिक प्रेफरन्सेस’ एकदा चालवा. मी हे सगळे केले होते. माझ्या फाइलमध्ये एकही परिच्छेद चुकीचा नव्हता.

आमच्या अंकात दिवंगत सभासदांचे एक पान असते. छायाचित्र, खाली नाव, दोन ओळी. छापखान्यातल्या ऑपरेटरने ते पान सुंदर किनारीसह स्वतःच्या जुन्या साच्यात घेतले आणि माझा मजकूर त्यात चिकटवला. माझ्या स्टाइलचे, म्हणजे मजकुराच्या ठरवून ठेवलेल्या रूपाचे, नाव ‘कॅप्शन’ होते आणि त्याच्या साच्यातही ‘कॅप्शन’ नावाची स्टाइल होती. इनडिझाइनचा नियम असा की एका नावाच्या दोन स्टाइल भेटल्या तर जिथे चिकटवतो तिथली टिकते. त्याच्या साच्यातल्या स्टाइलला साधा कंपोझर होता. लेखांची स्टाइल वेगळ्या नावाची असल्यामुळे बाकी मजकूर स्वच्छ राहिला, फक्त छायाचित्रांखालची नावे मोडली. रात्री साडेअकराला प्रूफ मोबाईलवर आले. मी लेख वाचले, मथळे वाचले. नावे आधी चार वेळा तपासली होती, म्हणून त्यांच्यावरून नजर फिरवून पुढे गेलो.

अंक निघाला. आमच्याच गल्लीतल्या एक आजी त्या वर्षी गेल्या होत्या आणि त्यांच्या नावात जोडाक्षर होते. त्यांची मुलगी वडोदऱ्याहून मुद्दाम आली होती. तिने ते पान उघडले, आईच्या नावावरून बोट फिरवले आणि काहीच बोलली नाही. मी तिला कंपोझर काय समजावणार? ऑपरेटरलाही दोष मी देत नाही. त्याने घाईत चांगलेच करायचा प्रयत्न केला होता आणि प्रोग्रामने त्याला कसलीही सूचना दिली नाही. अक्षर शाबूत राहणे ही एका स्टाइलच्या आत, तीन खिडक्या खोल लपलेली खूण असावी, ही गोष्ट मात्र तेव्हापासून मला सहन होत नाही.

स्क्रायबसमध्ये ही खूणच नाही. तिथे अक्षर जुळवण्याचे काम हार्फबझ नावाचे इंजिन करते आणि ते सगळ्या मजकुराला सारखेच लागू असते. नवी चौकट काढा, दुसऱ्या फाइलमधून मजकूर आणा, स्टाइल विसरा, ‘श्र’ हा ‘श्र’च राहतो. स्टाइल चुकली तर आकार चुकेल, रंग चुकेल, पण नाव मोडणार नाही. ही सोय १.५.३ पासून, म्हणजे २०१७ पासून आहे. स्थिर आवृत्ती म्हणून ती १.६ मध्ये, जानेवारी २०२४ ला आली. हे आकडे मुद्दाम देतो. कोणी तुम्हाला सांगितले की स्क्रायबसमध्ये मराठी तुटते, तर त्याने बहुधा १.४ पाहिलेली असते आणि तिच्याबद्दल त्याचे म्हणणे खरेच आहे. समितीतल्या सगळ्यांकडे १.६ च असू द्या, कारण तिची फाइल १.४ मध्ये उघडत नाही.

हार्फबझचा एक कडकपणा सुरुवातीला त्रास देईल. बरेच लोक ‘ॲड.’ किंवा ‘ॲकॅडमी’ लिहिताना आधी अ टंकतात आणि त्यावर चंद्र देतात. काही मोबाईलवर ते ठीक दिसते. स्क्रायबसमध्ये मात्र तिथे ठिपक्यांचे वर्तुळ उमटते, कारण युनिकोडमध्ये ॲ हे एकसंध वेगळे अक्षर आहे आणि अ व चंद्राची जोडी ग्राह्य नाही. पहिल्यांदा वाटते की प्रोग्राम बिघडला. मला आता हे वर्तुळ आवडते. चूक आहे तिथेच डोळ्यांपुढे येते, अंक हातात पडेपर्यंत लपून राहत नाही. एकदा शोधून सगळीकडे ॲ घाला, प्रश्न मिटतो.

‘ऱ्य’ची गोष्ट याहून नाजूक आहे, कारण ती दिसत नाही. हे अक्षर दोन रीतींनी टंकले जाते. एका रीतीत नुक्त्याचा ऱ आणि हलन्त असतो. दुसऱ्या रीतीत साधा र, हलन्त आणि त्यामागे शून्य रुंदीचा एक अदृश्य जोडक. पानावर दोन्ही सारखेच दिसतात. पण कोणी मजकूर ‘साफ’ करताना अदृश्य चिन्हे पुसली की दुसऱ्या रीतीतला जोडक जातो आणि दऱ्यांचा दर्या होतो. म्हणून मी सगळे लेख आधी लिब्रे ऑफिस या लेखनाच्या प्रोग्राममध्ये घेतो. शोध-बदलमध्ये नियमित पदावली (रेग्युलर एक्स्प्रेशन्स, म्हणजे अदृश्य चिन्हेही शोधू देणारी सोय) चालू करून र, हलन्त आणि २००-डी या क्रमांकाचा जोडक ही तिकडी शोधतो, तिच्या जागी ऱ आणि हलन्त घालतो. मग बाकी साफसफाई. तुम्ही इनडिझाइन निवडलात तरी हे करा, तिथेही ही चूक तितकीच निमूटपणे होते.

स्क्रायबसच्या उणिवा लपवत नाही. परिच्छेद एकत्र बघून ओळी तोडण्याचे ते कौशल्य त्याच्याकडे नाही, त्यामुळे अरुंद स्तंभात मोकळ्या जागा जास्त पडतात. शब्दांमधली किमान जागा ८५ टक्के आणि अक्षराची रुंदी ९८ ते १०२ ठेवल्यावर मला पान पुरेसे घट्ट वाटते. पण कवितांच्या पानांशेजारी ललित लेख लागला की फरक जाणवतो. जिथे फार जाणवतो तिथे मी सरळ डावीकडून लावतो, उजवी कड मोकळी सोडतो. लांबलचक लेख थेट पानावर दुरुस्त करायला गेलात तर तो संथही वाटेल. म्हणून दुरुस्त्या लिब्रे ऑफिसमध्ये उरकून मगच मजकूर आत घ्यावा. आणि जमाखर्चाचे पान! स्क्रायबसमधली कोष्टके मला जमली नाहीत. ताळेबंद मी लिब्रे ऑफिसच्याच कॅल्क या हिशेबाच्या प्रोग्राममध्ये करतो, पीडीएफ काढतो आणि ती पानावर बसवतो. इनडिझाइनवाला हेच काम दहा मिनिटांत करेल.

छापखाना स्क्रायबसची फाइल घेणार नाही, हे ऐकून काही जण तिथेच थांबतात. माझ्या मते ही अडचण नसून सोयच आहे. फाइल द्यायचीच नाही. छपाईसाठीची पीडीएफ, एक्स-१ए किंवा एक्स-४ प्रकारची, काढून द्यायची, कुठली हवी ते छापखान्याला विचारायचे. त्यात फॉन्ट आत बसलेले असतात, हवे असल्यास अक्षरांच्या बाह्यरेखाही करून देता येतात. मग पान कोणाच्या साच्यात जात नाही. दुरुस्ती निघाली तर फोन आपल्याला येतो, आपण करतो, नवी पीडीएफ पाठवतो. रात्री जागावे लागते, हे खरे.

तुमच्याकडे रोजचे काम असेल, महिन्याला अंक निघत असेल, भाडे परवडत असेल आणि छपाईपर्यंत फाइल तुमच्याच हातात राहणार असेल, तर इनडिझाइन घ्यायला मी नको म्हणणार नाही. तेव्हा स्टाइलची नावे मात्र अशी ठेवा की ती दुसऱ्या कोणाकडे असूच शकणार नाहीत. ‘रामबाग-फोटोओळ’ असे काहीतरी. पण वर्षाला एक स्मरणिका, दर वर्षी नवा कार्यकर्ता आणि तीन जणांचे तीन जुने लॅपटॉप असा संसार असेल, तर मी तरी स्क्रायबसकडेच बोट दाखवेन. जुन्या अंकाची इनडिझाइन फाइल हाती असेल तर ती छापखान्याकडून आयडीएमएल या इनडिझाइनच्याच अदलाबदलीच्या स्वरूपात मागून घ्या, स्क्रायबस ती उघडतो. मांडणी थोडी हलेल, मजकूर येईल.

गेल्या वर्षापासून आमच्याकडे आणखी एक प्रथा सुरू केली आहे. दिवंगतांच्या पानाची अंतिम पीडीएफ छापायला जाण्याआधी त्या त्या घरी पाठवतो आणि नाव बरोबर आहे असा त्यांचा निरोप येईपर्यंत पान सोडत नाही. त्या आजींच्या मुलीकडेही ते पान, नीट लावून, पुन्हा पाठवले. तिने त्याची प्रत काढून घरी भिंतीवर लावली आहे.