पहिली ते चौथीचा होमवर्क : घरी घ्यायचा की ट्युशन लावायची?

जूनमध्ये वह्यांना कव्हरं घालता घालताच हा विषय निघतो आणि पहिली चाचणी झाली की त्याचं टेन्शन सुरू होतं. बिल्डिंगमधली सगळी मुलं जातात म्हणून आपलंही पाठवायचं, हे कारण बाजूला ठेवा, बाकी दोन्हीकडे खरी कारणं आहेत आणि तीच इथे मांडतेय. माझं मत आधीच सांगून टाकते, चौथीपर्यंत मी घराच्या बाजूने आहे, पण प्रत्येक घराला ते जमेलच असं नाही आणि न जमणाऱ्यांनी अपराधी वाटून घेऊ नये.

ठरवायच्या आधी एक बघा, शाळा होमवर्क किती देते. केंद्राच्या 2020 च्या स्कूल बॅग धोरणात दुसरीपर्यंत होमवर्क नकोच असं म्हटलंय आणि तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास, आठवड्याला बरं का, रोज नाही. त्याआधी मे 2018 मध्ये मद्रास हायकोर्टानेही पहिली-दुसरीला होमवर्क देऊ नका म्हणून सांगितलं होतं. तुमच्या दुसरीतल्या मुलाला रोज दीड तास लिहावं लागत असेल तर ट्युशन लावून तो दीड तास फक्त दुसऱ्याच्या घरी जाईल, कमी होणार नाही. अशा वेळी आधी वर्गशिक्षिकेशी बोला, दोनचार पालक मिळून गेलात तर जास्त बरं.

आणि या वयात होमवर्कचा मार्कांवर किती परिणाम होतो? अमेरिकेतल्या हॅरिस कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला होता, त्यात मोठ्या वर्गांत होमवर्क आणि मार्कांचा संबंध दिसतो आणि लहान वर्गांत तो खूपच कमी दिसतो. म्हणून वही पूर्ण झाली का यापेक्षा मूल अडखळत न वाचतंय का, पाढे येतात का, शाब्दिक उदाहरण वाचून बेरीज करायची की वजाबाकी हे कळतं का, याला मी जास्त महत्त्व देते.

आता ट्युशनची बाजू. सगळ्यात मोठा फायदा म्हणजे वेळ ठरलेली असते, पाच म्हणजे पाच, आणि आईवडील दोघंही सात-आठला घरी येत असतील तर मूल तोवर कुणाच्या तरी नजरेसमोर अभ्यासाला बसलेलं असतं. दुसरं म्हणजे मुलं बाईंचं ऐकतात. घरी ज्या मुलाला पेन्सिल हातात घ्यायला अर्धा तास लागतो तेच मूल तिथे निमूट लिहितं, आणि घरात रोज संध्याकाळी रडारड, ओरडणं, कधी हात उचलणं इथपर्यंत जात असेल तर मी म्हणेन खुशाल ट्युशन लावा, मुलाशी नातं चांगलं राहणं हे उत्तरांच्या वहीपेक्षा मोठं आहे.

पण लहान मुलांच्या बहुतेक ट्युशनमध्ये एकाच खोलीत पहिलीपासून सहावीपर्यंतची मुलं असतात, बाईंना प्रत्येकाकडे पाच-दहा मिनिटं मिळतात, मग उत्तरं फळ्यावर लिहून दिली जातात आणि मुलं उतरवून घेतात. वहीत टिक मिळते, आपण निश्चिंत होतो आणि आपल्या मुलाला जोडाक्षरं वाचता येत नाहीत हे थेट पालकसभेत कळतं. मला ट्युशनचा हाच सगळ्यात मोठा तोटा वाटतो. मूल नेमकं कुठे अडतंय हे दिसायची जी एकच जागा आहे, तीच घरातून बाहेर जाते.

आणखी एक, वर्गशिक्षिकेनेच "माझ्याकडे संध्याकाळी पाठवा" असं सुचवलं तर नाही म्हणा. शिक्षण हक्क कायद्याच्या, म्हणजे 2009 च्या आरटीईच्या कलम 28 मध्ये शिक्षकांनी खासगी शिकवणी घ्यायची नाही असं स्पष्ट लिहिलंय. बाकी सोळा वर्षांखालच्या मुलांना क्लास लावताच येत नाही असा जो मेसेज फिरतो तो जानेवारी 2024 च्या कोचिंग सेंटरच्या मार्गदर्शक सूचनांवरून आलाय, त्या पन्नासपेक्षा जास्त विद्यार्थी असलेल्या सेंटरसाठी आहेत, गल्लीतल्या बाईंसाठी नाहीत.

घरी अभ्यास घ्यायचा तर पहिली अडचण वेळेची नाही, पद्धतीची येते. आपण शिकलो तसंच आपण शिकवायला जातो आणि मूल म्हणतं, "टीचरने असं नाही सांगितलं." 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'एकवीस'सोबत 'वीस एक' असं संख्यावाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवतंय ना, पण घरात त्या मुलाला दोन वेगळ्या गोष्टी ऐकू येत होत्या हा त्यातला रोजचा त्रास होता. वजाबाकीतही तेच, आजोबा हातचा एका पद्धतीने घेतात, पुस्तकात एक दशक मोडून दहा एकक केलेले असतात, उत्तर एकच येतं पण मूल मध्येच गोंधळतं. म्हणून अभ्यासाला बसायच्या आधी पुस्तकातलं सोडवलेलं उदाहरण दोन मिनिटं स्वतः बघून घ्या. आजी-आजोबांकडून पाढे, पावकी-निमकी जरूर म्हणून घ्या, त्यांच्याइतका निवांतपणा कुणाकडेच नसतो, फक्त वहीतल्या पद्धतीत त्यांना हात घालू देऊ नका.

दुसरी अडचण खरी मोठी आहे. मूल इंग्रजी माध्यमात, आईबाबा मराठी माध्यमात शिकलेले, "आम्हाला ते इंग्लिश जमत नाही हो" म्हणून पहिलीपासून ट्युशन. अशा पालकांना मला कळकळीने सांगायचंय की तुम्हाला जेवढं वाटतं तेवढं तुमच्या हातातून गेलेलं नाही. शाळा स्टेट बोर्डाची असेल तर बालभारतीची गणित आणि परिसर अभ्यासाची पुस्तकं माध्यम वेगळं असलं तरी बहुतेक तीच असतात, बालभारतीच्या साईटवर पीडीएफ फुकट मिळते, मराठी माध्यमाचं त्याच इयत्तेचं पुस्तक काढा आणि धडा शेजारी ठेवून वाचा. मुलाला इंग्रजी धडा मराठीत समजावून सांगायला लावा, ज्याला मराठीत सांगता येतं त्याला तो कळलाय, ज्याला नुसतं इंग्रजी वाक्य पाठ म्हणता येतं त्याला कळला असेलच असं नाही. सीबीएसई असेल तर पुस्तकं वेगळी, तिथे हा उपाय चालत नाही, पण मराठीत सांगायला लावणं तिथेही चालतं. इंग्रजी वाचनासाठी मात्र कुणीतरी लागेल हे मान्य, त्यासाठी आठवड्यातून दोनतीन दिवस फक्त इंग्रजीची शिकवणी पुरते, सगळे विषय द्यायची गरज नाही.

घरी बसायचं म्हणजे शेजारी बसून प्रत्येक ओळ सांगायची असं नाही हेही लक्षात घ्या. तुम्ही भाजी निवडा, मूल समोर लिहितंय, अडलं तर विचारेल, एवढं पुरे. चुकलेलं गणित रबराने खोडून बरोबर लिहून देऊ नका, चुकीचंच जाऊ दे, नाहीतर शिक्षिकेला कळणार कसं? प्रोजेक्टबद्दल काय बोलायचं, चार्ट पेपर रात्री दहाला शोधावा लागतोच, ट्युशन असो वा नसो.

मग ठरवायचं कसं? एक दिवस शांतपणे बसून मुलाकडून आत्ता चालू असलेल्या धड्यातला एक परिच्छेद मोठ्याने वाचून घ्या आणि न सांगता पाच गणितं सोडवायला द्या. वाचता आलं, गणितं बऱ्यापैकी जमली तर प्रश्न फक्त बसण्याच्या सवयीचा आहे आणि तो रोज एका वेळी घरच्या घरी अर्ध्या तासात सुटतो. तिसरीतल्या मुलाला पहिलीचं पुस्तक वाचता येत नसेल तर होमवर्क पूर्ण करून देणारी ट्युशन काही कामाची नाही, तिथे मागे जाऊन वाचायला शिकवणारं माणूस हवं. बाईंना सरळ विचारा, मुलं किती असतात, तुम्ही वाचून घेता का, गरज पडली तर मागच्या इयत्तेचं शिकवाल का. आणि त्याआधी डोळे तपासून घ्या. प्रयत्न करूनही अक्षरं उलटसुलट होणं, फळ्यावरचं उतरवताना ओळी गळणं चालूच राहिलं तर मुलाला आळशी म्हणू नका, तपासणी करून घ्या, मुंबईत सायन हॉस्पिटलमध्ये त्यासाठी लर्निंग डिसॅबिलिटी क्लिनिक आहे.

ट्युशन लावलीच तरी रात्रीचं वाचन घरीच ठेवा, दहा मिनिटं का होईना. दिवाळीच्या सुट्टीनंतर तशाच पातळीचा परिच्छेद आणि तशीच पाच गणितं पुन्हा द्या, फरक दिसला नाही तर ट्युशन बंद करा किंवा बदला, मार्चची वाट बघू नका.