दिवाळीची माळ: शंभराची, अडॅप्टरची, होल्डरची की पट्टी?

गेल्या वर्षी वसुबारसेला कठड्यावर सोडलेली माळ लक्ष्मीपूजनाला अर्धी विझली आणि पाडव्याला पूर्ण. दुकानात घेऊन गेलो तर उत्तर तयार होतं, "साहेब, लायटिंगला गॅरंटी नसते." परभणीत हे वाक्य मी निदान सहाव्यांदा ऐकलं असेल. यंदा घेण्याआधी जुन्या माळा फोडून बघितल्या, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्याही तपासल्या. घराला कायमचं लायटिंग घ्यायचं मनात असेल, तर ते बघून माझं जे मत झालं ते खाली आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. माळेतला एलईडीचा दाणा सहसा आपणहून मरत नाही. मरतो तो जोड, तार किंवा प्लगजवळची डबी. त्यामुळे पाकिटावर "इतके हजार तास" असं छापलेलं असेल तर तिकडे लक्ष देऊ नका.

पहिली, सगळ्यांच्या ओळखीची शंभर रुपयांची माळ. हिची हिरवी किंवा पांढरट डबी उघडली की आत नखाएवढं बोर्ड दिसतं. त्यावर चार डायोड, काळ्या डांबराच्या थेंबाखाली लपलेली चिप आणि लुकलुक करणारे दोन-चार तीन पायांचे पुर्जे. तेवढ्यावर ती सरळ 230 व्होल्टला जोडलेली असते. पांढऱ्या दाण्याला साधारण 3 व्होल्ट लागतात. असे पन्नासेक दाणे एकामागोमाग ओवले की 150 व्होल्ट तिथे संपतात आणि उरलेले 80 एका बारक्या रेझिस्टरच्या, म्हणजे करंट अडवणाऱ्या पुर्ज्याच्या, डोक्यावर बसतात. आता आपल्याकडची लाईट आठवा. संध्याकाळी दाब पडतो, रात्री अकरानंतर गावातले पंप बंद झाले की चढतो. समजा 260 झाला. दाणे आपले 150 च घेतात, वाढलेले 30 व्होल्ट सगळे रेझिस्टरवर जातात. 80 चे 110 झाले, म्हणजे ढोबळ हिशोबाने दाण्यांतून वाहणारा करंट तिसऱ्या हिश्शाहून जास्त वाढला. डीपीवर, म्हणजे गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरवर, न्यूट्रलची तार सुटली आणि दाब आणखी चढला तर विचारूच नका. पुण्यातल्या मेहुण्याकडे तीच माळ तीन दिवाळ्या टिकते आणि इथे पाच दिवसांत बसते, त्यामागचं एक मोठं कारण हे.

एक दाणा तुटला की त्याची अख्खी ओळ अंधारात जाते. मग आपण काय करतो, तो दाणा कापून दोन तारा पिळतो आणि टेप मारतो. मीही वर्षानुवर्षं हेच केलं. पण असा प्रत्येक दाणा कमी झाला की बाकीच्यांवरचा भार थोडा वाढतो. चार-पाच जागी टेप दिसत असेल तर ती माळ देवघरापुरतीच ठेवा. बाहेर नको, कारण त्या प्रत्येक टेपखाली 230 व्होल्टची उघडी तार आहे आणि परतीचा पाऊस आपल्याकडे दसऱ्यानंतरही विचारून येत नाही.

दुसरी अडॅप्टरवाली. दिसायला पहिलीसारखीच, फक्त प्लगच्या जागी मोबाईलच्या चार्जरसारखा ठोकळा. त्यावरची बारीक अक्षरं वाचा. इनपुटला 100 ते 240 व्होल्ट आणि आउटपुटला 24 किंवा 31 असं काही लिहिलेलं असेल तर घरातल्या दाबाचा चढउतार ठोकळ्यातच जिरतो, दाण्यांना कायम सारखाच दाब मिळतो. फार चढला तर ठोकळा जाईल, माळ राहील. ठोकळा दुसरा मिळतो. शिवाय माळेत मेनची लाईट येत नाही. तुळशीवृंदावनाला, जिन्याच्या ग्रिलला, जिथे पोरं हात लावणारच, तिथे माझ्या मते दुसरा विचारच करू नये. उणीव एकच: लांब ओढली तर शेवटचे दाणे मंद दिसतात. म्हणून एकाला एक जोडत तीस मीटर नेण्यापेक्षा दोन ठोकळे लावून दोन्ही बाजूंनी आणा. ठोकळा मात्र खिडकीच्या आत ठेवा.

तिसरी होल्डरची. मंडपवाले लग्नात लावतात तीच, जाड काळ्या केबलवर हातभर अंतराने होल्डर आणि त्यात अर्ध्या वॅटचे एलईडी बल्ब, ज्यांना आपण अजून झिरोचे बल्बच म्हणतो. महाग पडते. पण इथे प्रत्येक बल्ब स्वतंत्र जोडलेला असतो. एक गेला तर एकच जातो, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून दुसरा आणून बसवला की झालं. पंधरा बल्बांची माळ साडेसात वॅट खाते. आमच्या गल्लीतल्या एका घरावर ही माळ सहावं वर्ष लागते आहे, बल्ब निम्मे बदलले, केबल तीच आहे. घेताना होल्डरमध्ये रबराची चकती आहे का बघा आणि बल्ब खाली तोंड करून टांगा, वर तोंड केला की होल्डर म्हणजे पाण्याची वाटी. केबलवर भार देऊ नका, आधी साधी लोखंडी तार ताणून घ्या आणि केबल तिला बांधा. दिसायला ही लुकलुकत नाही, रंग बदलत नाही. आमच्या घरात यावरून दोन मतं आहेत, धाकट्याचं मत मी इथे लिहीत नाही.

चौथी पट्टी, मीटरवर विकतात ती. घराच्या सरळ कडा उठवायला हिच्यासारखं काही नाही. माळवदाच्या जुन्या घराच्या दगडी दर्शनी भिंतीला एकच पिवळसर रेघ मारलेली मी पाहिली आहे, बाकी काहीच नाही, आणि नजर हटत नव्हती. पण 230 व्होल्टची पट्टी साधारण मीटर-मीटरला कापता येते, म्हणून एक दाणा गेला की मीटरभर तुकडा काळा पडतो, तोंडातला पुढचा दात पडल्यासारखा. पाणी आत शिरतं ते शेवटच्या टोपीतून, तिथे सिलिकॉन भरलंच पाहिजे. गुंडाळलेली असताना चालू करून बघू नका, तापून चिकटते. आणि ही खाते जास्त. मीटरला 8 वॅट धरले तर वीस मीटर म्हणजे 160 वॅट, रोज सहा तासांना जवळपास एक युनिट. पाच दिवसांचं काही नाही, पण वसुबारस ते देवदिवाळी ठेवणारेही आहेत.

सोलरची माळ शहरात मला पटत नाही. आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरावर, मात्र तीच. शेताच्या लाइनला मोजकेच तास लाईट, तीही बऱ्याच ठिकाणी पाळीने, तिथे लक्ष्मीपूजनाच्या वेळी लाईट असेलच असं कोण सांगणार? ऑक्टोबरचं ऊन पुरतं, पॅनलवरची धूळ फडक्याने पुसायची. दोनेक वर्षांनी आतली छोटी बॅटरी बदलावी लागते, म्हणून झाकण स्क्रूचं असेल तीच घ्या.

दुकानात जाताना खिशात लोहचुंबक ठेवा. स्वस्त माळांत तांब्याचा नुसता मुलामा दिलेली लोखंडी तार असते, चुंबक चिकटला की कळतं. ती दुमडली की तुटते आणि पावसात गंजते. ॲल्युमिनियमची असेल तर चुंबक चिकटणार नाही, पण टोक खरवडलं की पांढरं निघतं. बाहेर लावायची असेल तर आयपी 44 च्या खाली जाऊ नका. पट्टी उघड्यावर राहणार असेल तर आयपी 65. यातला पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. एलईडी माळांना बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोची, नोंदणी सक्तीची आहे, खोक्यावर आर अक्षराने सुरू होणारा क्रमांक असतो, तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून बघता येतो. दुकानदार वैतागतो, वैतागू द्या.

बाहेरचं सगळं लायटिंग ज्या बोर्डावर येतं त्याला 30 मिलीॲम्पिअरचं आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाईट तोडणारं बटण, बसवून घ्या. हा खर्च माळेच्या खर्चात धरा, वेगळा नाही.

आणि मे महिना विसरू नका. माळ दिवाळीत पाच दिवस जळते आणि उरलेलं वर्ष पत्र्याखालच्या खोलीत भाजते. पंचेचाळीस अंशात वायरचं वेष्टन कडक होतं, वरून उंदीर. मी यंदापासून पुठ्ठ्यावर सैल गुंडाळून पत्र्याच्या डब्यात, तोही खालच्या मजल्यावर कॉटखाली ठेवतो आहे.

माझ्यापुरतं ठरलं ते असं: कठड्याला होल्डरची, तुळशीला आणि ग्रिलला अडॅप्टरची, पट्टी नाही. भाड्याच्या घरात असतो तर दोन अडॅप्टरच्या माळा घेऊन थांबलो असतो. शंभराची एक घेतलीच, लुकलुकणारी, धाकट्यासाठी. ती हॉलमधल्या पडद्यावर लागेल.