फ्रंट लोडमध्ये पावडर घालावी की लिक्विड?

फ्रंट लोड, म्हणजे समोरून दार असलेलं वॉशिंग मशीन घरात आलं की पहिल्याच दिवशी डेमो देणारा माणूस लिक्विडची बाटली हातात ठेवतो आणि बहुतेक घरांत पुढची कित्येक वर्षं तीच बाटली आणली जाते. आमच्याकडेही तसंच झालं. चार वर्षं लिक्विड, मग त्याच मशीनमध्ये गेली तीन वर्षं पावडर, असं दोन्ही वापरून झालंय. सध्या या प्रश्नात अडकलेल्यांना या अनुभवाचा उपयोग व्हावा म्हणून लिहितो. दोन्ही फ्रंट लोडसाठीचीच, म्हणजे कमी फेसाची आहेत, हे धरून चालतो.

आधी लिक्विडची बाजू, कारण ती खरंच चांगली आहे. गार पाण्यात लगेच विरघळतं. काळ्या पँटवर, गडद कुर्त्यावर पांढरे ओघळ राहत नाहीत. शर्टाच्या कॉलरवर किंवा पोळ्या लाटताना बाहीला लागलेल्या तेलावर दोन थेंब टाकून बोटाने चोळायचं आणि पाच-दहा मिनिटांनी शर्ट मशीनमध्ये टाकायचा, तेलकट डाग जातो. पावडरने हे इतक्या सहज होत नाही. रोज ऑफिसला घालायचे, फक्त घामट झालेले कपडे अर्ध्या तासाच्या प्रोग्रॅमवर काढायचे असतील तर लिक्विड पुरेसं आहे. पुण्यात पेठेत राहत होतो तेव्हा खडकवासल्याचं मऊ पाणी होतं. तिथे माझी लिक्विडबद्दल एकही तक्रार नव्हती.

तक्रार सुरू झाली वाघोलीकडे राहायला आल्यावर, आणि तीही कपड्यांच्या रंगावरून किंवा डागांवरून नाही. पंचांच्या वासावरून.

दोरीवरून काढलेला पंचा कोरडा असताना अगदी स्वच्छ वाटायचा. घडी करून कपाटात ठेवला तरी वास नाही. पण अंघोळीनंतर अंग पुसायला घेतला, तो ओला झाला, की दोन मिनिटांत त्याला कुबट, आंबूस वास सुटायचा. ओल्या फडक्याला येतो तसा. पाहुण्यांना धुतलेला पंचा द्यायचा आणि त्यांच्यासमोर आपल्यालाच तो वास जाणवायचा, याने मला फार संकोच व्हायचा. पावसाळ्यात तर उशांच्या अभ्र्यांनाही तोच वास.

मग जे जे सांगितलं जातं ते सगळं केलं. खालचा फिल्टर काढून साफ केला. दाराच्या रबराच्या घडीत बोट घालून पुसलं. धुणं झाल्यावर दार आणि पावडर-लिक्विड घालायचा ड्रॉवर उघडा ठेवायची सवय घरात सगळ्यांना लावली. लिक्विड थोडं वाढवूनही बघितलं, ते मात्र चुकलं. फ्रंट लोडमध्ये कपडे वर उचलले जाऊन खाली आपटतात, त्या आपटण्यानेच मळ सुटतो. फेस जास्त झाला की कपडे उशीवर पडल्यासारखे पडतात, शिवाय थोड्या पाण्यात तो फेस पूर्ण खळबळून निघत नाही. एका रविवारी ड्रॉवर पूर्ण बाहेर ओढून काढला, तर त्याच्या मागच्या पोकळीत आणि कप्प्याच्या खालच्या बाजूला करडा, बुळबुळीत थर होता. नखाने खरवडला तर सायीसारखा निघाला. वास तोच, पंचाचा.

दुकानात हे कोणी सांगत नाही, पण पावडर आणि लिक्विड हा एकाच मालाच्या दोन रूपांतला फरक नाही. चांगल्या पावडरीत ऑक्सिजन ब्लीच असतं, म्हणजे सोडियम परकार्बोनेट. पाण्यात गेलं की त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं. ते चहा-कॉफीचे, फळांचे डाग उडवतंच, पण जंतूही मारतं. पाण्यात ते टिकत नसल्यामुळे बाटलीतल्या लिक्विडमध्ये घालता येत नाही. त्यामुळे लिक्विड मळ काढतं, पण जंतूंच्या बाबतीत तोकडं पडतं. जपानी संशोधकांनी 2012 मध्ये धुतलेल्या कपड्यांच्या या कुबट वासामागचा एक जिवाणू दाखवून दिला, मोराक्सेला ऑस्लोएन्सिस. कपडा वाळला तरी तो तग धरतो. कोरडा पंचा निर्दोष आणि ओला होताच वास, हे कोडं मला त्यावरून उलगडलं.

दुसरी गोष्ट पाण्याची. आमच्याकडे बोअर आणि टँकर, दोन्ही जड, म्हणजे जास्त क्षारांचं पाणी. स्टीलच्या बादलीवर पांढरी कड धरते, नळाच्या जाळीत खडे साठतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात या जडपणाची इष्ट मर्यादा लिटरमागे 200 मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. म्हणजे एकाच शहरातल्या दोन घरांच्या पाण्यात केवढा फरक असू शकतो बघा. जड पाण्यातला कॅल्शियम धुण्याच्या साबणाची ताकद आधी स्वतःच खातो. पावडरीत धुण्याचा सोडा आणि बऱ्याचदा झिओलाइट नावाचं खनिज असतं, ते या कॅल्शियमला अडवून ठेवतं. लिक्विडमध्येही त्यासाठी काहीबाही असतं, पण माझ्या अनुभवात आमच्या पाण्याला ते पुरलं नाही. पांढरी बनियनं वर्षभरात राखाडी झाली होती. पावडर सुरू केल्यावर ती नव्यासारखी झाली असं म्हणणार नाही, पण राखाडी होत जाणं थांबलं.

पावडरला मात्र गरम पाणी लागतं, आणि इथेच बरेच जण बिलाच्या भीतीने मागे फिरतात. साधा हिशेब करा. पंधरा लिटर पाणी 25 अंशांवरून 40 वर न्यायला साधारण पाव युनिट वीज लागते, 60 वर न्यायला सहा-दशांश युनिटच्या आसपास. ड्रम आणि कपडे तापतात त्याचे थोडे अधिक धरा. आम्ही रोजचे कपडे 40 वर आणि पंचे, अभ्रे, चादरी आठवड्यातून एकदा 60 वर लावतो. पहिल्यांदा पंचे 60 वर लावले तेव्हा दाराच्या काचेतून पाणी पाहिलं, डाळीच्या धुवणासारखं गढूळ. ते पंचे आधीच्या आठवड्यात ‘धुतलेले’ होते. सलग तीन धुण्यांनंतर वास गेला, तो परत आलेला नाही.

पावडरचे त्रास लपवत नाही. पावसाळ्यात डबा नीट बंद केला नाही तर खडे होतात, आणि ते ड्रॉवरमध्ये तसेच चिकटून बसतात. नळाचा दाब कमी असेल तर कप्प्यात लगदा उरतो. आमच्याकडे टाकी रिकामी व्हायच्या वेळेला धुणं लावलं की हमखास उरतो. गार पाण्याच्या छोट्या प्रोग्रॅमवर गडद कपड्यांवर पांढरट रेघा येतात. रेशीम आणि लोकर यांना तर पावडर दाखवूसुद्धा नका. त्यातला सोडा आणि एन्झाइम्स त्या धाग्यांचं नुकसान करतात. आईची शाल मी आजही त्यासाठीच्या खास लिक्विडने हातानेच धुतो. आणि हळदीचा डाग पावडरीत लालभडक झाला तर घाबरू नये, सोड्यासारख्या अल्कलीत हळद लाल होतेच. नंतर कपडा कडक उन्हात वाळवला की फिका पडत जातो.

पॉड्स, म्हणजे एका धुण्यापुरत्या लिक्विडच्या तयार पुड्या, त्यांच्याबद्दल फारसं बोलण्यासारखं नाही. अर्ध्या ड्रमला अर्धा पॉड टाकता येत नाही, आणि लहान मूल असलेल्या घरात ते खाऊसारखे दिसतात, म्हणून मी आणलेच नाहीत.

काहीही वापरा, ड्रम गच्च भरला तर दोन्ही फुकट. कपड्यांच्या वर हात सहज आडवा जाईल एवढी जागा हवी. पंचांना सॉफ्टनरही घालू नका. त्याचा थर धाग्यावर बसतो आणि पंचा पाणी टिपायचं कमी करतो. आमच्या वासाच्या त्रासात त्याचाही वाटा असावा असं मला वाटतं.

तुमच्याकडे मऊ पाणी येत असेल, कपडे बहुतेक गडद आणि सिंथेटिक असतील आणि सगळं गार पाण्यावर उरकायचं असेल, तर लिक्विड सोडायचं कारण मला दिसत नाही. पण घरात रोज चार ओले पंचे निघतात, शाळेचे पांढरे शर्ट आहेत, पाणी बोअरचं आहे, अशा घराने माझ्या मते पावडरकडे वळावं, आणि लिक्विडची एक छोटी बाटली कॉलरसाठी ठेवावी. पावडर घेताना पाकिटावर ऑक्सिजन ब्लीच किंवा सोडियम परकार्बोनेट लिहिलंय का ते वाचा, सगळ्याच पावडरींत ते नसतं. रंगीत कपड्यांसाठीच्या पावडरीत तर मुद्दाम टाळतात.

माझ्यावर विसंबू नका हवं तर. दोन सारखे पंचे घ्या, एकाला कोपऱ्यात धागा घालून खूण करा. एक महिनाभर फक्त लिक्विडने धुवा, दुसरा पावडरने, दोन्ही त्याच तापमानाला. मग दोन्ही ओले करून पिळा, पाच मिनिटं तसेच ठेवा आणि नाकाशी धरून बघा.