झोपेसाठी ओटी: सहा आठवडे जाऊन आल्यावर

डोंबिवलीत माझं पोळीभाजी केंद्र आहे. पहाटे चारला उठून कणीक मळायला घ्यावी लागते. दोन वर्षांपूर्वी मिस्टर गेले आणि झोपेचं तंत्रच बिघडलं. साडेनऊला आडवी व्हायचे, एक-दीडपर्यंत पंख्याकडे बघत पडायचे, डोळा लागतो न लागतो तोच गजर. मानसोपचारतज्ज्ञांनी औषधाच्या जोडीला पालिकेच्या एका मोठ्या रुग्णालयातल्या व्यवसायोपचार (ऑक्युपेशनल थेरपी) विभागाची, म्हणजे रोजची कामं नीट जमावीत म्हणून उपचार करणाऱ्या विभागाची, चिठ्ठी दिली. सगळे त्याला ओटीच म्हणतात. ओटी म्हणजे अर्धांगवायूनंतर हाताचे व्यायाम, एवढंच मला ठाऊक होतं. झोपेवरही तिथे काम होतं हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिल्या दिवशी झोपेची प्रश्नावली भरून घेतली. तिचे गुण ० ते २१, ५ च्या वर गेले की झोप बिघडलेली समजायची. माझे १५ आले. संकटातून सावरायला किती वेळ लागतो, यावरही सहा प्रश्न होते. ते भरताना रडू आलं.

मग ओटीच्या मॅडमनी विचारलं, "काकू, दिवसभरात त्या दिवाणावर काय काय करता?" मी सांगत गेले. लसूण सोलते, मेथी निवडते, डब्यांचा हिशेब लिहिते, उद्याच्या ऑर्डरी फोनवर घेते, पाहुणे आले की तिथेच बसतात, रात्री मिस्टरांचे फोटो बघते. त्यांनी एकेक गोष्ट कागदावर उतरवली आणि कागद माझ्यासमोर धरला. झोप सगळ्यात खाली होती. म्हणाल्या, त्या दिवाणावर तुम्ही जागंच राहता, शरीराला तीच सवय लागली आहे. अंथरूण फक्त झोपेसाठी ठेवायचं आणि झोप येत नसेल तर उठायचं, ही पद्धत रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये मांडली.

सांगायला सोपं आहे. पण आमची घरं कशी असतात? आतल्या खोलीत मुलगा, सून, नातू; बाहेर मी. दिवाण दिवसा रिकामा ठेवणं शक्यच नाही. माझ्या मते ओटीचं खरं कसब इथे दिसलं. मॅडमनी घराचा नकाशा काढायला लावला आणि तोडगा काढला: दिवसा दिवाणावर सतरंजी, रात्री सतरंजी काढून माझ्या आईची गोधडी. गोधडी अंथरली की फोन ओट्यावर ठेवायचा. झोप नाही आली तर उठून ओट्याजवळ पाटावर बसायचं आणि मंद दिव्यात कापसाच्या वाती वळायच्या. दोन डबे भरून वाती झाल्या.

दुसरा भाग कठीण होता. रोजच्या नोंदवहीवरून झोप जेमतेम तीन तास भरत होती. अंथरुणात जागं पडणं कमी व्हावं म्हणून तिथे जायची वेळ साडेनऊवरून अकरावर नेली. उठायचं चारलाच. पहिला आठवडा मी तव्यासमोर पेंगत होते, सुनेने पोळ्या भाजायला घेतल्या. हे मनाने करू नका. वाहन चालवणाऱ्यांनी, फिट्स येणाऱ्यांनी तर नाहीच. मॅडमनी आधी हे सगळं विचारून घेतलं होतं.

त्याआधी मी झोप यावी म्हणून एका ऑनलाइन दुकानातून सात किलोचं जड ब्लँकेट मागवलं होतं. उकाड्यात घेता येईना आणि त्यांनी परतही घेतलं नाही. मॅडमनी ते हसण्यावारी नेलं नाही. स्वीडनमध्ये २०२० साली १२० जणांवर चार आठवडे अभ्यास झाला, जड ब्लँकेटने निद्रानाश कमी झाला, पण ते सगळे नैराश्य, चिंता अशा आजारांचे रुग्ण होते, असं नीट समजावलं.

खटकलेलंही लिहिते. दोन-अडीच तास रांग. मनाचं बोलायला नुसता पडदा, पलीकडे कुणाचे तरी हाताचे व्यायाम चाललेले. पाचव्या आठवड्याला नवी विद्यार्थिनी आली, तिला मिस्टरांचं सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. ते फार जड गेलं. फाइल वाचून आत बोलवायला हवं. आशियातला पहिला व्यवसायोपचाराचा अभ्यासक्रम १९५० मध्ये मुंबईत, केईएममध्ये, कमला निंबकरांनी सुरू केला. त्या शहरात या विभागांना एक बंद दाराची खोली मिळू नये?

सहा आठवड्यांनी गुण ८ आले. अजून ५ च्या वरच आहेत, पण साडेअकराला झोप लागते आणि एकदाच जाग येते. दुपारी मेथी निवडता निवडता मिस्टरांबद्दल नातवाशी बोलते, पूर्वी विषयच टाळायचे.

जायचं असेल तर आठवडाभराची झोपेची नोंद, चालू औषधांच्या चिठ्ठ्या आणि घरातलं एक माणूस सोबत न्या. घोरणं किंवा झोपेत श्वास अडकणं असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगा, त्याची तपासणी वेगळी असते. सकाळी लवकर नंबर लावा आणि डबा बरोबर ठेवा.